तक्त्याची शेवटची ओळ

७ जानेवारी

साखरतोंड्या आज तिसऱ्यांदा येऊन गेला. बिल्डरचं खरं नाव त्याच्या कार्डावर आहे, पण ज्याच्या तोंडातून एवढी साखर सांडते त्याला दुसऱ्या नावाने का ओळखावं? आला, बूट दाराबाहेर नीट जोडून ठेवले आणि म्हणाला, "मावशी, आज होकार घेतल्याशिवाय हलणार नाही."

"मग पथारी पसरा," मी म्हटलं. "आणि मी तुमची मावशी कधी झाले? माझ्या बहिणीला मूलबाळ नाही."

आतून ताईचं हसू ऐकू आलं. तेवढाच तिचा पाठिंबा.

इस्पितळात मेट्रन होते तोवर ड्यूटी संपताना रोज वॉर्डचा अहवाल लिहायचे. निवृत्त झाले आणि लिहिणं सुटलं. आज ही वही पुन्हा काढली, कारण हे लोक काय कबूल करतात आणि काय गिळतात याची नोंद कुणीतरी ठेवायला हवी. शेजाऱ्यांकडून ती अपेक्षा नाही. ते बिल्डरने वाटलेल्या रंगीत चित्राकडे बघूनच पाघळले आहेत. चित्रात आमच्या रस्त्यावर सहा मजली इमारत, खाली दुकानं, त्यावर ऑफिसं, त्यावर घरं, आणि फुटपाथवर गोऱ्यागोमट्या बायका हसत चाललेल्या. या फुटपाथवर मी आजवर कुणाला हसत चालताना पाहिलेलं नाही.

आत्ताची आमची इमारत दोन मजल्यांची. खाली दुकानं, वर आम्ही राहणारे. ती पाडून नवी बांधायच्या करारावर सगळ्यांच्या सह्या झाल्या, राहिल्या आम्ही दोघी बहिणी. वरचं घर आणि खालचं चष्म्याचं दुकान बाबांनी दोघींच्या नावे केलं होतं, त्यामुळे दोघींनी सही केल्याशिवाय वीट हलणार नाही. बाबांच्या मागे दुकान ताईने चालवलं. या रस्त्यावरच्या निम्म्या नाकांवर तिने दिलेले चष्मे आहेत. गेली काही वर्षं शटर बंद आहे. कंटाळा आला, म्हणाली. मी म्हटलं, बरं.

मला सही करायची नाही, कारण माझी खिडकी. रस्त्याचं दोन्ही टोकांपर्यंत सगळं दिसतं तिथून. ताईला का करायची नाही हे मी विचारलेलं नाही. दोघींचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालं की कारणं विचारून ते मोडू नये.

११ जानेवारी

स्वयंपाकघरात जाताना खांदा पुन्हा चौकटीवर आपटला. जुनी लाकडं फुगतात, दुसरं काय. काळंनिळं झालंय.

ताई म्हणाली, "लागलं का?"

"घराला लागलं. मी ठीक आहे."

ताईचं हल्ली एकेक नवीन सुरू असतं. खुर्ची वीतभर सरकवलेली तिला चालत नाही. झाडताना मी स्टूल हलवलं तर केवढा आरडाओरडा! वर्तमानपत्र मलाच मोठ्याने वाचून दाखवायला लावते, स्वतः राणीसारखी पाय लांब करून बसते. आणि चहा ओतताना कपाच्या काठावरून आत बोट सोडते. वॉर्डात एखाद्या नर्सने असं केलं असतं तर तिला दारात उभी केली असती.

"बोट काय बुडवतेस? शी!"

"चहा गरम आहे का बघते."

"जीभ कशासाठी दिलीये?"

"ती तू सगळी घेऊन आलीस, धाकटे. मला उरलीच नाही."



१९ जानेवारी

चपलांच्या दुकानात इमारतीतल्या लोकांची बैठक. मला चामड्याचा वास सहन होत नाही हे माहीत असून तिथेच ठेवली. दुकानदार सरळ म्हणाला, "बाई, दोघींपायी आम्ही सगळे लटकलोय. छत गळतंय, वायरी जळतायत. तुम्हाला त्रास होत नाही म्हणून दुसऱ्याला होत नाही असं थोडंच आहे?"

मी म्हटलं, "आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, असा तुमचा कारभार. करारातली किती पानं वाचलीत?"

एकानेही वाचली नव्हती. माना खाली.

माझ्या शेजारी बसलेली ताई एकदम उठली आणि म्हणाली, वर जाऊ या. माझा दंड घट्ट धरला होता तिने. गुडघे दुखतात म्हणून हल्ली जिन्यावर माझा दंड लागतो तिला. जिन्यात समोरून आमच्या शेजारचा शिंपी आला, हसून हात केला. ताईने ढुंकून पाहिलं नाही. तो "काय ताई, बरं आहे ना?" म्हणाला तेव्हा कुठे दचकून गोड बोलली. माझ्या तोंडाला लोक भितात, पण शिष्ट मात्र ताई आहे, हे कुणाला कळत नाही.

संध्याकाळी भाजी घेऊन परत येताना रस्त्यात एक सायकलवाला डावीकडून अगदी अंगावर आला. जणू जमिनीतून उगवला. त्याला चांगला फैलावर घेतला. उलट मलाच म्हणतो, "आजी, केव्हापासून घंटी वाजवतोय!" उद्धट. घंटी ऐकू आली होती, पण माणूस तर दिसायला हवा!

२ फेब्रुवारी

आज जे झालं ते शांतपणे लिहायला हवं.

सकाळी शिंपीआजींना, म्हणजे शिंप्याच्या आईला, धाप लागली. दवाखान्याची माणसं स्ट्रेचर घेऊन आली आणि जिन्याच्या वळणावर अडकली. स्ट्रेचर वळेना. शेवटी आजींना खुर्चीत बसवून, चादरीने बांधून, खुर्ची तिरकी करत उतरवावं लागलं. मीच पुढे झाले, सूचना दिल्या, डोकं सांभाळलं. ऐंशी वर्षांची बाई, अंगावरचं लुगडं घोट्यांवर गेलेलं, सगळा रस्ता वर बघतोय. मी पदर घेऊन तिचे पाय झाकले. माझ्याकडे बघून म्हणाली, "पोती उतरवतात तसं उतरवलंत गं मला."

शिंपी काही बोलला नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं.

लिफ्ट असती तर? हा प्रश्न दिवसभर डोक्यातून जाईना. खिडकीत बसले, पण खिडकी गोड लागेना.

९ फेब्रुवारी

आजी बऱ्या होऊन घरी आल्या. जिना चढून, म्हणजे पुन्हा खुर्चीतूनच.

साखरतोंड्याला मीच बोलावलं. माझ्या अटी ऐकवल्या: स्ट्रेचर आडवं मावेल एवढी लिफ्ट. न्हाणीघरात हाताला धरायला कठडे. आम्हाला रस्त्याकडचं घर. चष्म्याच्या दुकानाच्या जागी दर्शनी दुकान. आणि काम संपेपर्यंत राहायला द्यायचं ते घर याच रस्त्यावर, शहराच्या दुसऱ्या टोकाला फेकायचं नाही. त्याने कपाळ पुसलं, पण सगळं मान्य केलं, आणि तेही लेखी.

जिंकले. मिशनच्या शाळेतल्या सिस्टर म्हणायच्या, या मुलीने जीभ चांगल्या कामाला लावली तर जगाचं भलं होईल. आज लावली.

आत जाऊन ताईला सांगितलं. भाजी निवडत होती. हात थांबले.

"मी सही करणार नाही."

"अगं, लिफ्ट मिळतेय! तुझ्याच गुडघ्यांसाठी."

"माझे गुडघे बरे आहेत."

"कालपर्यंत तर जिन्यात जीव जात होता!"

भाजीची जुडी पुन्हा हातात घेत म्हणाली, "मला हे घर पाठ आहे."

"पाठ असायला घर म्हणजे काय कविता आहे? दुसरं पाठ कर."

"या वयात होत नाही, धाकटे."

हट्ट. निव्वळ हट्ट. त्या म्हाताऱ्या बाईला पोत्यासारखी उतरवली ते हिने पाहिलं नव्हतं का? खिडकीतच तर उभी होती.

१६ फेब्रुवारी

आज घराची मापं घ्यायला नकाशेवाली आली, साखरतोंड्याची आर्किटेक्ट. चुणचुणीत मुलगी, केस पोराएवढे, बूट घालून आत आली म्हणून आधी परत पाठवली. मग फीत लावून काम करू लागली. भिंतीपाशी जाता यावं म्हणून तिने स्टूल उचलून मधे ठेवलं. ताई आतून आली ती सरळ त्या स्टुलावर. केवढ्याने पडली! मनगट सुजलंय, मोडलेलं नाही, मी तपासलं.

मी त्या मुलीला सोलून काढली. ती बिचारी बर्फ लावायला वाकली आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "मोठ्या मावशींना नीट दिसतं ना?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चष्मेवाल्याची मुलगी, जिने जन्मभर लोकांचे डोळे तपासले, तिला दिसतं का! आणि मी कोण? मेट्रन. वॉर्डच्या दारातून पेशंटचा रंग बघून सांगायचे कुणाला ताप येणार. ताईचे डोळे मी रोज बघते. स्वच्छ, काळेभोर. मोतीबिंदूचा पांढरा ठिपकासुद्धा नाही.

"चला खाली," मी म्हटलं. "दोघीही चला."

ताई नको म्हणत होती. मी ऐकलं नाही. शटर वर केलं. धूळ, कुबट वास, पण सगळं जागच्या जागी. तपासायची उंच खुर्ची, आणि समोरच्या भिंतीवर बाबांनी स्वतः रंगवलेला अक्षरांचा तक्ता. लहानपणी गिऱ्हाईक नसलं की आम्ही दोघी या दुकानात दोरीवरच्या उड्या मारायचो, तक्त्याच्या ओळी म्हणत: ग, र म, न क ल, प ट व स. शेवटच्या ओळीला ज्याचा पाय अडकेल त्याच्यावर राज्य.

ताई खुर्चीत बसली. बल्ब मिणमिणता होता. मी म्हटलं, "वाच." आणि तिने वाचलं. वरपासून खालपर्यंत, एक अक्षर न चुकता, जरा चालीवरच. शेवटची ओळ तर इतकी बारीक की मला तिथून दिसलीच नाही, पांढरं पांढरं दिसत होतं नुसतं. तिने तीही घडाघडा म्हटली: द ह त च ब ज श.

नकाशेवालीचं तोंड एवढंसं झालं. "माफ करा, मावशी," म्हणाली.

"मावशीचे डोळे तुझ्यापेक्षा धड आहेत," मी म्हटलं. मनात म्हटलं, माझ्यापेक्षाही.

वर आल्यावर ताई पलंगाच्या कडेवर बसून राहिली. चहा दिला तो तसाच गार झाला. मी म्हटलं, "अगं, शाबासकी देतेय, आणि तू सुतकी चेहरा करून बसलीस!"

२३ फेब्रुवारी

ताईने सही केली.

मीच करायला लावली. काल जेवताना म्हटलं, "तुझ्या हट्टापायी शिंपीआजी पुन्हा खुर्चीतून उतरली आणि मधेच गेली, तर ते तुझ्या डोक्यावर." वाईट बोलले. पण खरं तेच बोलले.

आज साखरतोंड्या कागद घेऊन आला. ताई म्हणाली, "धाकटे, कुठे करायची ते बोट ठेवून दाखव." मी बोट ठेवलं. तिने चाचपून माझ्या बोटाला धरलं आणि नखाला लागून सही सुरू केली. सही आडवी न जाता वर चढत गेली. तिची सही कशी छापल्यासारखी असायची. मनगट अजून दुखत असेल.

सगळे खूश. चपलावाल्याने मिठाई पाठवली. मी शिंप्याकडे दिली.

ताई संध्याकाळभर घरातल्या भिंतींना हात लावत फिरत होती. निरोप घेते आहे, असं वाटून मलाही भरून आलं.

६ मार्च

अक्षर वाईट येतंय.

आज दुकान रिकामं करायला दोन मजूर बोलावले होते. शटर पूर्ण वर, सकाळचं ऊन थेट आत. मी दारात उभी राहून काय ठेवायचं, काय टाकायचं ते सांगत होते. एकाने तक्ता खिळ्यावरून काढून माझ्या हातात दिला. "हा ठेवायचा का, बाई?"

ठेवायचाच, म्हणून बघितला.

शेवटची ओळ नव्हती.

भिंतीची ओल चढून तक्त्याचा खालचा भाग सोललेला होता. रंग गेलेला, खाली नुसती पांढरी फळी. बोट फिरवून बघितलं, तर भुगा हाताला आला. एक अक्षर शिल्लक नव्हतं. आणि ही झीज आजकालची नव्हे, वर्षानुवर्षांची.

जे नाही ते ताईने वाचलं होतं.

तपासायच्या खुर्चीत मी बसून राहिले. मजूर विचारत होते, मला ऐकू येत नव्हतं. मग एकेक करून सगळं आलं, मोरीचं तुंबलेलं पाणी बोळा काढताच यावं तसं. कपातलं बोट. वर्तमानपत्र. स्टूल. जिन्यातला शिंपी. सही. आणि माझं ते चपलांच्या दुकानातलं वाक्य, आंधळं दळतंय. तेव्हा ती माझ्या शेजारी बसली होती.

वर गेले. ताई पलंगावर बसली होती. माझ्या पावलांवरूनच तिला कळलं. म्हणाली, "तक्ता काढला वाटतं."

"तुला काय दिसतं?" मी विचारलं. मेट्रनच्या आवाजात. दुसरा आवाज लागलाच नाही.

"उजेड आहे की अंधार, ते दिसतं. खिडकी कळते. तू समोर उभी राहिलीस की अंधार होतो."

"काय झालंय?"

"काचबिंदू. दुकान बंद केलं तेव्हाच माहीत होतं. एका गिऱ्हाइकाला चुकीचा नंबर दिला. तो जिन्यावरून पडला असता. त्याच दिवशी शटर ओढलं. डॉक्टरकडे गेले, थेंब दिले त्यांनी. पण उशीर झाला होता. गेलेलं परत येत नाही यात."

"आणि मला सांगितलं नाहीस!"

"सांगितलं असतं तर तू मला घरातल्या घरात पेशंट केलं असतंस. सहाला उठवणार, सातला थेंब, आठला आंघोळ, भिंतीला पाटी." मग म्हणाली, "आणि मला तुझी बहीण राहायचं होतं. पेशंट तुझ्याकडे खूप होऊन गेले."

मी खूप ओरडले. काय काय बोलले ते लिहीत नाही. ती ऐकत होती, मान माझ्या आवाजाच्या दिशेला. माझ्या तोंडाकडे बघत नव्हती, आवाजाकडे बघत होती. हे मी आज पहिल्यांदा पाहिलं.

दमून थांबले तेव्हा ती म्हणाली, "बाबांनाही तेच होतं. शेवटी शेवटी भिंतीला हात लावून चालायचे, आठवतं? आपण म्हणायचो, बाबा ओल तपासतायत. हे घराण्यात असतं, धाकटे. आता तू माझं ऐक. तू त्या चौकटीवर का आपटतेस?"

"चौकट फुगलीये."

"चौकटी अशा फुगत नाहीत. माझ्या जन्मापासून ती तिथेच आहे. तुझा खांदा आपटतो तो आवाज मी वर्षभर ऐकतेय. आणि सायकलवाले काय, एकट्या तुझ्याच अंगावर येतात?"

"विषय बदलू नकोस," मी म्हटलं.

७ मार्च

ताईशी बोलत नाही. खुर्च्या मात्र हलवलेल्या नाहीत.

१३ मार्च

नकाशेवालीला बोलावून खरं सांगितलं. तिने 'मी म्हटलं होतं' असं एकदाही म्हटलं नाही. मी तिच्या जागी असते तर म्हटलं असतं. नव्या घराचा मोठा नकाशा देऊन गेली.

पण नकाशा ताईला काय कामाचा? कागद कागदच. मग सुचलं. शाळेत सिस्टरनी आमची बोटं सोलेपर्यंत शिवण शिकवलं होतं. त्यांच्या नावाने तेव्हा बोटं मोडली, आज त्यांचे पाय धरावेसे वाटले. जाड कापड ताणून घेतलं, त्यावर नकाशा ठेवून भिंतींच्या जागी लोकरीची साखळी घातली. दारं मोकळी ठेवली. चुलीच्या जागी बटण, पलंगाच्या जागी चिंधीची घडी. शेजारी तशाच दुसऱ्या कापडावर आमचं हे घर, आठवणीने. सुईत दोरा काही केल्या जाईना. ताईने हातातून घेतला आणि जिभेला लावून पहिल्या फटक्यात ओवला. डोळे असलेली मी बघत बसले.

पूर्ण झाल्यावर तिच्या मांडीवर ठेवलं. तिने दारापासून बोट चालवायला सुरुवात केली. जुन्या घरात बोट चालत होतं, नव्यात अडखळायला लागलं. पुन्हा दारापासून. पुन्हा अडखळलं.

"उलटं आहे," म्हणाली. "आरशातल्यासारखं. स्वयंपाकघर डावीकडे, मोरी उजवीकडे. माझे पाय उलट जातील."

नऊ वेळा तो नकाशा मी पाहिला असेन. मला आकार दिसला, भिंती दिसल्या, कठडे दिसले. हे दिसलं नाही.

१७ मार्च

साखरतोंड्याच्या ऑफिसात. तो म्हणाला, रस्त्याकडची सगळी घरं तशीच, पाण्याचे नळ एका ओळीत यावे लागतात, एका घरासाठी उलटं करता येत नाही. मी करार काढला. त्यात सगळं होतं: लिफ्ट, कठडे, खिडकी. डावं-उजवं नव्हतं. जे मला महत्त्वाचं वाटलं तेवढंच मी मागितलं होतं.

मी कराराची पानं पुन्हा उलटत राहिले. तेव्हा नकाशेवाली म्हणाली, "लिफ्टच्या पलीकडचं मागचं घर बरोबर उलटं आहे, मावशी. म्हणजे तुमच्या आताच्या घरासारखं. ते शिंपीकाकांना मिळालंय. त्यांनी अदलाबदल केली तर..."

मागचं घर. खिडकी दुसऱ्या इमारतीच्या भिंतीवर उघडते. रस्ता नाही, टोकं नाहीत, काहीच नाही.

शिंप्याकडे गेले. विनंती कशी करतात हे मला आठवावं लागलं. सगळं सांगून झाल्यावर शिंपीआजी पलंगावरून म्हणाल्या, "अगं, रस्त्याकडची खिडकी मिळत असेल तर मी उडी मारून घेईन! पण तुझं कसं व्हायचं? रस्त्यावर ओरडणार कोण?"

"तुम्ही शिका आता," मी म्हटलं.

ताईला सांगितलं. तिने कापडावरच्या नव्या घरात रस्त्याच्या बाजूला बोट ठेवलं. मग म्हणाली, "तुझी खिडकी, धाकटे."

"तिथे बघण्यासारखं होतं काय? सगळे मेले मान खाली घालून चालतात."

ती म्हणाली, "आता माझी अट. डोळ्यांच्या दवाखान्यात तू जायचंस. आणि तक्ता घरचा नको."

२१ मार्च

दवाखाना. मुद्दाम सांगते, केवळ ताईची कटकट थांबावी म्हणून गेले.

अक्षरं सगळी वाचली. मी ताईला कोपराने ढोसलं. मग डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या खोलीत नेलं. तिथे मोठ्या पांढऱ्या वाडग्यासारखं यंत्र. त्यात तोंड घालायचं, हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा. मधल्या ठिपक्याकडेच बघायचं, आणि आजूबाजूला कुठेही बारीक दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. पोरखेळ.

सुरुवातीला भराभर दाबलं. मग दिवे यायचे थांबले. मी वाट बघितली. काही नाही. वाडगा कोरा. मी तोंड न काढता म्हटलं, "बाई, तुमचं यंत्र बंद पडलंय."

कुणी बोलेना.

"ऐकू येतंय का? दिवे लागत नाहीत."

डॉक्टरीणबाई माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "यंत्र चालू आहे, मावशी."

दिवे लागण्याआधी त्यात बारीक टिक् असा आवाज होत होता. तो मला आता ऐकू यायला लागला. टिक्. टिक्. पांढरं. टिक्. पांढरं.

बाहेर ताई बाकावर बसली होती. मी काही सांगायच्या आत तिने हात पुढे केला. हवेत, माझ्या थोडा डावीकडे. मी त्या बाजूला सरकले.

२२ मार्च

थेंब सुरू. सकाळ-संध्याकाळ. बाजूचं गेलं ते गेलं, समोरचं राखता येईल म्हणाल्या. वेळेत आलात, म्हणाल्या. वेळेत मी आले नाही, मला आणलं गेलं.

थेंब ताई घालते. एका हाताने माझी पापणी धरते, दुसऱ्या हाताने बाटली. एकदाही चुकली नाही. मी म्हटलं, भिंतीला पाटी लाव आता. म्हणाली, "लावली असती, पण वाचणार कोण?"

दोघीही हसलो. मग हसता हसता मला रडू आलं, आणि थेंब वाया गेला.

३० मार्च

उद्या घर सोडायचं. सामान बांधून झालं. मोकळ्या खोल्यांत आवाज घुमतो. तात्पुरत्या घरात खुर्च्या, पलंग, स्टूल कुठे ते नकाशेवालीने खडूने जमिनीवर आखून ठेवलंय, अगदी इथल्यासारखं. हमालांना ताकीद दिली आहे: खडूच्या बाहेर एक पाय गेला तर तुमची खैर नाही.

शिंपीआजी संध्याकाळी माझ्या खिडकीत येऊन बसल्या, सराव म्हणून. एका मोटारवाल्याला हाक मारून "डोळे फुटले का रे?" म्हणाल्या, आणि मग आमच्याकडे बघून जीभ चावली. ताई म्हणाली, "असू दे, आजी. आवाज चांगला लागलाय."

त्या गेल्यावर दोन्ही कापडं मी गुंडाळायला घेतली. ताई म्हणाली, "एवढ्यात नको. उठ. दारापाशी उभी राहा आणि डोळे मिट."

"कशाला?"

"तुला घर पाठ करायचंय. आज शेवटचा दिवस आहे, उद्या हे पुस्तक मिळणार नाही."

वाद घालायची इच्छा होती, पण उभी राहिले. डोळे मिटले. ताई मागून माझ्या खांद्याला दोन बोटं लावून चालत होती, ढकलत नव्हती, ओढतही नव्हती. "हात पुढे. भिंतीला विचार. ती सांगते." भिंत गार लागली, मग तिला वळण आलं, मग रंगाचा पोपडा, मग लाकूड. मी थांबले. लाकडावरून हात सरकवला, मी जात होते त्या जागेच्या जरा उजवीकडे उघडं होतं. तिथून आत पाय टाकला. चुलीचा वास आला, रोजचा.

"झालं," ताई म्हणाली.

स्वयंपाकघरात उभी होते. चौकट मला लागली नव्हती.